घरभर दरवळ, ग्लासात मात्र काही नाही: हॉप्सचा वास बिअरमध्ये कसा राखायचा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात मामाच्या काजूच्या बागेत एप्रिलमध्ये गेलं की फेणीची भट्टी दिसायच्या आधी तिचा वास भेटतो. लहानपणी मी त्या भाणाजवळ तासन्‌तास बसायचो. भाणात, म्हणजे भट्टीवरच्या मोठ्या मडक्यात, काजूचा आंबलेला रस उकळत असायचा, त्याची वाफ नळीतून लावणीत, म्हणजे वाफ थंड करून फेणी गोळा करणाऱ्या दुसऱ्या मडक्यात जायची, आणि मामा त्या लावणीवर सारखं पाणी ओतत राहायचा. "लावणी थंड उरूंक जाय," म्हणजे थंडच राहायला हवी, एवढंच सांगायचा. सांध्यातून वाफेची बारीक रेघ जरी निघाली तरी तो ओल्या मातीचा गोळा घेऊन ती जागा लगेच लिंपायचा. तेवढ्या वाफेसाठी एवढी घाई का, हे मला तेव्हा कळत नसे.

ते कळलं खूप वर्षांनी, डिचोलीच्या फ्लॅटमध्ये पहिली बिअर केली तेव्हा. वीस लिटर माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं गोड पाणी, ज्याला वर्ट म्हणतात, आणि त्यात बिअरला कडूपणा आणि वास देणारी पन्नास ग्रॅम बोंडं, म्हणजे हॉप्स. सगळे हॉप्स सुरुवातीलाच टाकले आणि तासभर रटरट उकळवले. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, कसला काढा करताय, जिना भरून गेलाय वासाने. तीन आठवड्यांनी बाटली उघडली. बिअर कडू होती, बरी होती, पण नाक ग्लासात घातलं तर काहीच नाही. जो वास काकूंनी घेतला तोच बिअरमधून गेला होता. मामा ज्या वाफेला लिंपून अडवायचा, ती मी तासभर खिडकीतून सोडली होती.

हॉप्सचं सगळं गणित या एका गोष्टीत आहे: आच कडूपणा देते आणि वास घेऊन जाते. बाकीची साधनं, घरी केलेली काय किंवा विकतची काय, ही दोन कामं वेगळी करण्यासाठीच आहेत.

आता हॉप्स म्हणजे काय ते जरा जवळून बघू. हॉप्स हा एक वेल. भांगेच्याच कुळातला, पण नशा नसलेला. त्याच्या मादी वेलीला हिरवी, कागदासारख्या पाकळ्यांची बोंडं येतात. बोंड मधोमध उभं फाडलं तर पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी धमक पूड चिकटलेली दिसते, केवड्याच्या परागासारखी. ती बोटांवर चोळली की चिकट होते आणि वास सुटतो. या पुडीला ल्युप्युलिन म्हणतात आणि पैसे आपण तिच्यासाठी मोजतो. तिच्यात दोन वेगळ्या चिजा असतात. एक राळ, जिच्यात अल्फा आम्लं असतात. दुसरं सुगंधी तेल, जे अगदी थोडं, शंभर ग्रॅम हॉप्समागे साधारण अर्धा ते तीन मिलिलिटर. म्हणजे माझ्या पन्नास ग्रॅममध्ये फार तर चमचाभराहून कमी तेल होतं, आणि तेच मी उडवून टाकलं.

अल्फा आम्लं मुळात पाण्यात नीट विरघळत नाहीत. उकळत्या वर्टमध्ये त्यांच्या रेणूची घडण बदलते, मग ती विरघळतात आणि जिभेला कडू लागतात. याला वेळ लागतो, म्हणून तासभर उकळी. पारा ८० अंशांच्या खाली आला की हा बदल फार मंदावतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

तेलाचं उलटं. त्यातला मोठा वाटा बहुतेक जातींमध्ये मिर्सीनचा असतो. हेच मिर्सीन गवती चहातही असतं. दुसरं लिनालूल, जे धण्यांच्या वासाचा मुख्य आधार आहे. कॅरिओफिलीन मिरी आणि लवंगेत सापडतं, जिरॅनिऑल गुलाबात. म्हणजे हॉप्सचा डबा उघडल्यावर जे ओळखीचं काहीतरी वाटतं तो भास नाही. आपल्या स्वयंपाकघरातलीच मंडळी तिथे वेगळ्या प्रमाणात बसलेली असतात.

इथे एक प्रश्न पडतो. शुद्ध मिर्सीन उकळायला १६० अंशांच्या वर तापमान लागतं. मग १०० अंशांच्या उकळीत ते उडून कसं जातं? त्याचं उत्तर मामाच्या भट्टीत आहे. पाण्यात न मिसळणारं तेल आणि पाणी एकत्र तापलं की दोघांचीही वाफ होत असते. तेलाची थोडी, पाण्याची खूप. पाण्याची वाफ वर निघताना तेलाची वाफ बरोबर घेऊन जाते. गवती चहाचं तेल असंच काढतात, गुलाबाचं अत्तरही, आणि काजूचा वास फेणीत उतरतो तो असाच वाफेवर बसून. फरक एवढाच की भट्टीवाल्याला वाफ हवी असते आणि मागे उरलेलं तो फेकतो. बिअरवाल्याला मागे उरलेलं हवं असतं. आपण उघड्या पातेल्यात उकळतो तेव्हा आपण एक भट्टीच लावलेली असते, फक्त तिला लावणी नसते.

आपल्या घरच्या बायकांना हे शास्त्र न सांगता ठाऊक आहे. बांगड्याच्या हुमणात तिरफळं ठेचून अगदी शेवटी पडतात. गवती चहा उकळून झाल्यावर झाकण ठेवून मुरवतात. बिअरमध्येही तेच करायचं: थोडे हॉप्स सुरुवातीला कडूपणासाठी, आणि वासाचे हॉप्स आच बंद झाल्यावर.

पण आच बंद केली तरी वीस लिटर वर्ट तासभर गरमच राहतं आणि वर वाफ निघतच राहते. म्हणून इंग्लंडच्या जुन्या ब्रुअऱ्यांत एक भांडं वापरात आलं, हॉपबॅक. मुळात ते हॉप्सचा चोथा गाळायला होतं. पुढे लोकांच्या लक्षात आलं की त्यात ताजे हॉप्स भरले आणि भांडं बंद ठेवलं, तर गरम वर्ट त्यातून जाताना तेल उचलतं आणि बाहेर पडायच्या आत थेट थंड नळीत जातं. वास उडायला वाटच राहत नाही. मामाच्या लिंपलेल्या सांध्याचंच हे तत्त्व.

हे घरी करता येतं. माझं पहिलं हॉपबॅक मी लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीचं केलं होतं, आणि ते तुम्ही करू नका. नव्वद-पंचाण्णव अंशांचं वर्ट आत शिरलं आणि बरणीचा बूड गोल तडकून सुटला. दोन लिटर उकळतं वर्ट फरशीवर. पाय वाचला तो स्टूल मध्ये होतं म्हणून. साधी काच अशा अचानक तापण्याला टिकत नाही. चित्रांत बरण्या सुंदर दिसतात, पण ओट्यावर स्टीलच हवं.

आता माझ्याकडे आहे तो दोन लिटरचा उभा स्टीलचा डबा, झाकणाला सिलिकॉनची रिंग आणि बाजूंना क्लिपा असलेला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात असे डबे मिळतात. रेलिंगचं काम करणाऱ्याकडून त्याला दोन भोकं पाडून घेतली, एक बुडाशी बाजूला, एक झाकणात. दोन्हीत अर्ध्या इंची स्टीलचं निपल, आतून-बाहेरून सिलिकॉनचा वायसर आणि नट. पितळी निपल स्वस्त पडतं, पण त्यात शिसं असू शकतं, म्हणून स्टीलच घ्या. झाकणाच्या निपलच्या आतल्या तोंडाशी स्टीलची नवी कोरी तारेची घासणी घट्ट बसवली आहे, साबणाची नव्हे, साधी. हॉप्सच्या पाकळ्या तिला अडतात आणि वर्ट पुढे जातं. सगळ्या फिटिंगमध्ये हाच भाग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचा.

वर्ट खालून आत, वरून बाहेर. असं केलं की आत शिरणारं वर्ट हवेला आधी बाहेर ढकलतं आणि डबा काठोकाठ भरल्यावरच पुढे वाहतं, त्यामुळे प्रत्येक बोंड बुडतं. वरून ओतलं तर हॉप्स बुडाशी दाबले जाऊन गठ्ठा होतो आणि वाट बंद होते.

जोडणी अशी. नळ बसवलेलं पातेलं ओट्यावर, डबा स्टुलावर, त्याच्याखाली बादलीत तांब्याची वेटोळी नळी, आणि शेवटी आंबवायचं पिंप. नळ्या उष्णता सोसणाऱ्या, खाद्यपदार्थांसाठीच्या सिलिकॉनच्या घ्या. बागेच्या पाइपातून गरम वर्ट गेलं तर प्लास्टिकचा वास हॉप्सच्या आधी पोचेल. तांब्याची तीन सुती नळी फ्रीज-एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे मीटरवर मिळते. आतून आधी व्हिनेगर आणि मग भरपूर गरम पाणी सोडून ती स्वच्छ करायची. गोव्यात उन्हाळ्यात नळाचं पाणीच तीसच्या आसपास असतं, त्यामुळे नुसत्या पाण्याने वर्ट पुरेसं थंड होत नाही. मी मासळीवाल्यांना बर्फ पुरवणाऱ्या कारखान्यातून अर्धी लादी आणतो. बर्फ नळीच्या फक्त बाहेरून लागतो, वर्टला शिवत नाही, तेव्हा तो मासळीचा असला तरी बिघडत नाही.

वीस लिटरला पन्नास ग्रॅम हॉप्स पुरेसे. डबा अर्ध्याहून जास्त भरायचा नाही, कारण भिजल्यावर बोंडं फुगतात. आच बंद केल्यावर नळ हळू सोडायचा, डबा भरला की पाच मिनिटं बंद ठेवायचा, मग पुन्हा सोडायचा, मिनिटाला लिटर-सव्वा लिटर अशा बेताने. धार जोरात सोडली तर तेल उचललं जात नाही आणि वर्ट थंडही होत नाही. डब्याच्या निर्जंतुकीची वेगळी काळजी नको, वर्टच जवळजवळ उकळतं असतं. पण तांब्याच्या नळीपासून पुढे सगळं आधी निर्जंतुक हवं. मी त्याच वाटेने दहा मिनिटं उकळतं पाणी सोडतो आणि नळी पूर्ण थंड झाली की मगच वर्ट.

मी त्याच कृतीची एक बिअर हॉपबॅकशिवाय आणि एक हॉपबॅकने केली, दोन्हींत कॅस्केड. ही अमेरिकी जात १९७२ मध्ये आली आणि तिला पपनसाच्या सालीसारखा वास असतो. दोन्ही ग्लास मामापुढे ठेवले. बिअर तो कधी पीत नाही. पहिला हुंगून बाजूला ठेवला. दुसरा बराच वेळ नाकाशी धरला आणि विचारलं, "हांतूंत तोरिंग घाला?" म्हणजे, यात पपनस घातलंय का? मी फक्त नाही म्हटलं.

आता अडचणीची गोष्ट. हॉपबॅकला अख्खी बोंडं लागतात आणि आपल्याकडे ऑनलाइन जे मिळतं ते बहुतेक वेळा पेलेट असतं, बोंडं दळून दाबलेल्या हिरव्या गोळ्या. गरम वर्टमध्ये गोळी क्षणात फुटून पीठ होते आणि घासणीत चिखल बसतो. पेलेट वाईट नाहीत. उलट ते टिकतात जास्त आणि तेल पटकन सोडतात. फक्त त्यांना वेगळी वाट द्यावी लागते. आच बंद करून, पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून, वर्ट ७५-८० अंशांवर आणायचं, मग पेलेट टाकून झाकण ठेवायचं, वीस मिनिटं. मघाचा आकडा इथे उपयोगी पडतो: या तापमानाला कडूपणा फारसा वाढत नाही आणि वाफही कमी. मग लगेच थंड करायचं. माल्टमधून उकडलेल्या कोबीसारखा वास देणारं एक गंधकयुक्त द्रव्य गरम वर्टमध्ये तयार होत राहतं, म्हणून झाकलेलं वर्ट उगाच गरम ठेवू नये.

कॉफीचा फ्रेंच प्रेस घरी असेल तर आणखी सोपं. पाणी उकळून ७५ अंशांवर येऊ द्यायचं, त्यात पेलेट, पंधरा मिनिटं झाकून, दाबून, तो हॉप्सचा चहा बाटल्या भरायच्या आधी बिअरमध्ये. पाणी उकळलेलंच हवं, कारण उकळल्याने त्यातला प्राणवायू निघून जातो. याने वास नक्की येतो, पण थोडा एकसुरी. मला तो हॉपबॅकच्या वासाइतका गोल वाटत नाही.

तिसरी वाट थंडीची, ड्राय हॉपिंग. आंबून होत आलेल्या बिअरमध्येच हॉप्स टाकायचे. उष्णता नाही, वाफ नाही, त्यामुळे उडून जाणारं मिर्सीनही राहतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून मुंबई-कोलकात्याला येणाऱ्या पिंपांत मूठभर हॉप्स टाकून देत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून महिनोन्‌महिने चालणाऱ्या त्या प्रवासात बिअर टिकावी हा हेतू. त्या बिअरलाच पुढे इंडिया पेल एल म्हणू लागले. आपल्या गोव्यात तेव्हा पोर्तुगीज, त्यामुळे ती पिंपं आपला किनारा दुरून बघत पुढे गेली.

घरी करताना लिटरमागे तीन ते पाच ग्रॅम हॉप्स, दूध गाळायच्या मलमलच्या उकळलेल्या पुरचुंडीत, सैल बांधून, आत दोन स्टीलचे चमचे वजनाला. वास पहिल्या एक-दोन दिवसांतच बराचसा उतरतो. तिसऱ्या दिवशी पुरचुंडी बाहेर. आठवडाभर ठेवली तर गवत चावल्यासारखी चव येते. टाकायची वेळ अशी निवडा की बुडबुडे मंदावले आहेत पण थांबलेले नाहीत. झाकण उघडताना आत शिरलेला प्राणवायू यीस्ट, म्हणजे बिअर आंबवणारं किण्व, खाऊन टाकतं. प्राणवायू हा उकळीनंतरचा दुसरा चोर. त्याने हॉप्सचा ताजा वास ओल्या पुठ्ठ्यासारखा होतो. शिवाय जागं यीस्ट जिरॅनिऑलचं सिट्रोनेलॉल करतं, त्यामुळे लिंबाकडे झुकणारी एक छटा येते जी नुसत्या हॉप्समध्ये नसते. मात्र वायू भरलेल्या बिअरमध्ये पेलेट एकदम ओतू नका, प्रत्येक कणावर बुडबुडे फुटून पिंप उतू जातं.

गोव्यात ड्राय हॉपिंग करणाऱ्याने एक धोका समजून घ्यायलाच हवा. हॉप्समध्ये थोडी विकरं असतात, जी बिअरमध्ये उरलेल्या, यीस्टला न पचणाऱ्या साखरा तोडून पचणाऱ्या करतात. ब्राउन आणि मॉरिस यांनी १८९३ मध्येच हे मांडलं होतं. म्हणजे आंबणं संपलं असं समजून तुम्ही बाटल्या भरता आणि आत ते पुन्हा सुरू होतं. थंड तळघरात ते हळू चालतं. आपल्या तीस अंशांच्या माळ्यावर ते जोरात चालतं, वर तुम्ही वायूसाठी साखरही घातलेली असते. बाटली फुटते, आणि फुटते ती काच उडवत. म्हणून पुरचुंडी काढल्यावर हायड्रोमीटरचा, म्हणजे बिअरची घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीचा, आकडा सलग तीन दिवस तोच आला तरच बाटल्या भरा. एक बाटली सोड्याच्या प्लास्टिक बाटलीत भरा आणि रोज दाबून बघा. ती दगडासारखी झाली की सगळ्या बाटल्या लगेच फ्रीजमध्ये. बाटल्या झाकणाच्या क्रेटमध्ये, जाड गोणपाटाखाली ठेवा. मुलं घरात असतील तर हा नियम मोडायचाच नाही.

त्याच उष्म्यापायी आंबवतानाही पंचाईत होते. साधं एल यीस्ट तीसच्या वर गेलं की नेलपॉलिशसारखा वास सोडतं आणि हॉप्स त्याखाली दबतात. एप्रिलमध्ये पिंपाला ओलं फडकं गुंडाळून पंखा लावला तर माठासारखं थंड होतं, पण जुलैच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, तेव्हा ही युक्ती निकामी. तिथे क्वेइक नावाचं नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी जपलेलं यीस्ट वापरा. ते तीस-पस्तीस अंशांतही नीट काम करतं.

हॉप्स साठवायचे ते हवा काढलेल्या पाकिटात, फ्रीझरमध्ये. पावसात वीज जाते तेव्हा फ्रीझर उघडू नका. जुने झालेले हॉप्स घामट चीजसारखे वास मारतात, आणि ते कितीही चांगल्या डब्यातून काढले तरी बिअरला तोच वास येतो. गॅलरीत वेल लावू का, असं मला पुष्कळ जण विचारतात. हॉप्सला उन्हाळ्यात फार लांब दिवस लागतात. भारतात तो हिमाचलातल्या लाहौलमध्ये होतो. आपला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांचा.

डब्यातला चोथा माडाच्या आळ्यात टाकायचा असेल तर खोल पुरा. हॉप्स कुत्र्यांना विषारी आहेत. खाल्ले तर त्यांच्या अंगातला ताप आवाक्याबाहेर चढतो, जीवही जातो. माल्टच्या गोड वासाने ती येतातच. माझा चोथा झाकणाच्या बादलीतूनच बाहेर जातो.

आणि सुरू करण्याआधी अबकारी खात्याच्या तालुका कार्यालयात जाऊन परवान्याचं विचारून घ्या. मामालाही भट्टीसाठी दर हंगामात कागद करावे लागतात.

बाटल्या तपकिरी काचेच्या घ्या आणि उन्हात ठेवू नका. प्रकाशाने हॉप्सची कडू द्रव्यं मोडून स्कंक या घाण वास सोडणाऱ्या प्राण्यासारखी दुर्गंधी येते, आणि आपल्या उन्हात त्याला मिनिटं पुरतात. एवढं सगळं सांभाळूनही वास दर आठवड्याला थोडा उतरतोच. मी झाकणावर मार्करने तारीख घालतो आणि सहा आठवड्यांच्या आत बाटल्या संपवतो. चतुर्थीआधी भरलेली दिवाळीसाठी म्हणून ठेवत नाही.